अकरा खुर्च्या कुणासाठी? कर्नाटक विधान परिषदेच्या सभापतींना आणि सदस्यांना खुलं पत्र

माननीय सभापती महोदय आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातला, माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवून रिटायर झालेला माणूस. नोकरीत होतो तोवर शिक्षक मतदारसंघात मत होतं, पदवीधर म्हणून अजून आहे. म्हणजे तुमच्या सभागृहाशी माझा संबंध नुसता पेपर वाचण्यापुरता नाही, तुमच्यातले दोघंजण तरी माझ्यासारख्यांच्या मतावर तिथं बसतात. म्हणून हे लिहायचा हक्क आहे असं समजतो.

कारण सरळ आहे. जुलै २०२० मध्ये राज्यपालांनी नेमलेल्या पाच सदस्यांच्या जागांची सहा वर्षं जुलै २०२६ मध्ये पुरी होतात. अशा जागा निघाल्या की चर्चा कशी चालते ते आम्ही इतकी वर्षं बघतोय. कुठल्या समाजाला राहिलंय, कुणाचं तिकीट कापलं होतं, कुणाला शब्द दिला होता, कोण दिल्लीला जाऊन आला. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा हे घटनेच्या १७१ व्या कलमातले पाच शब्द या चर्चेत कुठंच नसतात, ते येतात शेवटी, नाव ठरल्यावर, ह्याला आता कुठल्या रकान्यात बसवायचं म्हणून. हे मला पटत नाही, आणि गप्प बसूनही भागत नाही.

आता आमच्याच माणसांना एक उत्तर आधी देतो, कारण हे पत्र वाचून पहिली शिवी तिकडूनच येणार. "सर, तुम्ही बेंगळूरला कशाला पत्र लिहुलालाय, आपला दावा काय सोडला की काय?" दावा कुणी सोडला नाही. ८६५ गावांचा सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो तिथं चालू दे. पण तोवर रेशन, सातबारा, शाळा, रस्ता, सगळं याच सरकारच्या हातात आहे आणि कायदे याच दोन सभागृहांत होतात, आणि ती दोन्ही सभागृहं बहुतेक डिसेंबरला बेळगावजवळ हलग्याला, सुवर्णसौधच्या विधिमंडळ इमारतीत, आमच्या दारात येऊन बसतात. मग त्यांच्याशी बोलायचं नाही तर कुणाशी बोलायचं? आणि महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार २०१८ ला निवडून आला नाही, २०२३ ला आला नाही. राष्ट्रीय पक्षांतून मराठी बोलणारे आमदार आहेत, नाही असं नाही, पण ते पक्षाचा व्हीप बघून बोलणार. निवडणुकीत ज्यांचा आकडा कधीच जमत नाही अशांचा आवाज कुठंतरी पोचावा म्हणूनच नेमणुकीच्या जागा असतात ना? मराठी लोक, जंगलातली गावं, धनगर-गवळी, सिद्दी, देवदासी प्रथेतनं बाहेर पडलेल्या बायका, ही यादी सीमाभागात तरी लांब आहे.

ज्यांना आकडे माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. परिषदेत ७५ जागा. २५ आमदारांनी निवडलेल्या, २५ स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या सदस्यांनी, ७ पदवीधरांनी, ७ शिक्षकांनी आणि ११ राज्यपालनियुक्त. राज्यपालनियुक्त म्हटलं तरी राज्यपाल स्वतः शोधत नाहीत, मंत्रिमंडळाची शिफारस येते आणि मंत्रिमंडळ सहसा "सर्वाधिकार मुख्यमंत्र्यांना" असा ठराव करून मोकळं होतं. म्हणजे अकरा माणसं कोण हे शेवटी एकाच्या खिशातल्या चिठ्ठीवर ठरतं.

त्या चिठ्ठीतनं काय निघतं ते बघा. २०२० ला साहित्याच्या रकान्यात ए. एच. विश्वनाथ आले. त्यांची पुस्तकं आहेत, ते लेखक नाहीत असं मी म्हणणार नाही. पण पक्षांतरात अपात्र ठरले, डिसेंबर २०१९ च्या पोटनिवडणुकीत हुणसूरला पडले, आणि सात महिन्यांत साहित्यिक म्हणून वरच्या सभागृहात. सगळ्या राज्याला कळत होतं की ही नेमणूक मंत्रिपदाच्या शब्दासाठी आहे. शेवटी नोव्हेंबर २०२० मध्ये हायकोर्टाला सांगावं लागलं की अपात्र ठरलेल्या माणसाला नेमणुकीच्या वाटेनं मंत्री होता येणार नाही, निवडून यावं लागेल, आणि जानेवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानंही त्यात हात घातला नाही. त्याच यादीतले सी. पी. योगेश्वर सिनेमातले म्हणून आले. २०१८ ला चन्नपट्टणला पडले होते. नेमणुकीनंतर मंत्री झाले, मग ऑक्टोबर २०२४ मध्ये राजीनामा दिला, पक्ष बदलला आणि चन्नपट्टणचीच पोटनिवडणूक लढवून आमदार झाले. चांगलं झालं त्यांचं. पण ती कलावंताची जागा त्यानंतर जवळजवळ वर्षभर रिकामी पडून होती, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये चार जागा भरल्या तेव्हा त्या चौघांत सत्ताधारी पक्षाच्या माध्यम विभागाचे प्रमुखही होते. वर्षभर कर्नाटकात एकही कलावंत सापडला नाही का हो? यक्षगानवाले, संबाळवाले, श्रीकृष्ण पारिजात नाट्य करणारे, नाटकवाले, आमच्या बेळगाव जिल्ह्यातच हुडकायला गेलं तर दहा वर्षांच्या नेमणुकीला पुरतील एवढे लोक आहेत.

दोन्ही पक्षांची, २०२० ची भाजपची आणि २०२५ चं काँग्रेसचं, उदाहरणं दिलीत, तेव्हा कृपा करून मला कुणाच्या खात्यात टाकू नका.

आणि चांगलं झालंच नाही असंही नाही, तेही सांगायला पाहिजे. चंद्रशेखर कंबार, आपल्याच जिल्ह्यातल्या घोडगेरीचे, ज्ञानपीठ मिळालेले, ते नेमलेले सदस्य म्हणून याच सभागृहात बसले होते. मी मराठीचा मास्तर आणि ते कन्नडचे कवी, पण घटनाकारांच्या डोळ्यांसमोर या जागेसाठी कोण होतं असं कुणी विचारलं तर मी पहिलं नाव कंबारांचं सांगेन. आणि ज्या २०२० च्या यादीवर मी वर तोंडसुख घेतलं त्याच यादीत शांताराम सिद्दी होते. कारवार जिल्ह्याच्या जंगलपट्टीत राहणाऱ्या सिद्दी समाजातला माणूस पहिल्यांदा कर्नाटकच्या विधिमंडळात गेला तो याच दारानं. विधानसभेच्या निवडणुकीत असा माणूस कधी आला असता? डिपॉझिट वाचलं नसतं. म्हणजे दार चुकीचं नाही, दारावर कोण उभा राहून आत सोडतोय तिथं घोटाळा आहे.

सहकाराचंच घ्या. राज्यसभेवर राष्ट्रपती बारा जण नेमतात त्यात सहकार हा विषय नाही, तो फक्त विधान परिषदांसाठी घातलाय. गदगजवळच्या कणगिनहाळला १९०५ मध्ये शेतकऱ्यांची पतपेढी निघाली, देशातल्या अगदी पहिल्या पतसंस्थांमधली. त्या राज्यात सहकाराच्या रकान्यात एखादा गटसचिव, दूध संघाच्या गावपातळीवर वीस-तीस वर्षं घासलेला माणूस, नाहीतर बचत गट उभे केलेली बाई का दिसत नाही? सहकार म्हटलं की साखर कारखान्याचा चेअरमन एवढंच का आठवतं? ते चेअरमन तर बाकीच्या दारांनी येतातच.

नेमलेल्या जागांवर बोट ठेवलं की म्हणतात, अहो ११ चं काय घेऊन बसलाय, ६४ तर निवडून येतात. त्या ६४ चंही ऐका मग.

स्थानिक संस्थांच्या २५ जागा. बेळगाव जिल्ह्याला दोन. मतदार कोण, तर ग्राम पंचायत, तालुका पंचायत, जिल्हा पंचायत, नगरपालिका, महापालिका यांचे सदस्य. आता गंमत बघा, जिल्हा आणि तालुका पंचायतींची शेवटची निवडणूक झाली २०१६ ला, मुदत संपली २०२१ मध्ये, आणि तेव्हापासून प्रशासक. डिसेंबर २०२१ मध्ये परिषदेची निवडणूक झाली तेव्हा राज्यात जिल्हा पंचायतीचा एकही सदस्य मत द्यायला अस्तित्वात नव्हता. खालचे दोन मजलेच नाहीत आणि वरचा मजला बांधून मोकळे. तुमच्यातल्या पंचवीस जणांना हे कधी टोचलं नाही का? सभागृह बंद पाडायला तुम्हाला कारणं कमी लागतात असं नाही, मग ह्यासाठी एकदा पाडायचं होतं. ग्राम पंचायत सदस्यांना निवडणुकीच्या आधी कुठं फिरायला नेतात आणि पाकिटात काय असतं हे गावात शेंबडं पोरगं सांगेल, त्यावर मी जास्त लिहीत नाही.

शिक्षकांच्या सात जागांना मत फक्त माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना. माझी बायको मराठी प्राथमिक शाळेत नोकरी करून रिटायर झाली, चार वर्गांना एका खोलीत शिकवलेली बाई, तिला शिक्षक म्हणून कधीच मत नव्हतं आणि मला होतं. मी सातवी पास करून आलेली पोरं घेत होतो, त्यांना अक्षर लावलं ते तिनं. सीमाभागातल्या मराठी शाळांचा सगळा प्रश्न प्राथमिकचा आहे, पट कमी, शिक्षक नाहीत, अतिथी शिक्षकांवर शाळा चालू, आणि नेमका तोच शिक्षक या मतदारसंघाच्या बाहेर. हा नियम १९५० ला ज्यांनी लिहिला त्यांची काही कारणं असतील, आज त्यातलं एकही शिल्लक नाही.

पदवीधरांची यादी तर दर निवडणुकीला नव्यानं करतात. मागच्या वेळी मत दिलं होतं याला काही किंमत नाही, परत फॉर्म १८ भरा, डिग्री सर्टिफिकेटची झेरॉक्स, त्यावर सही-शिक्का. हे स्वतःहून कोण करतंय? मागच्या वेळी उमेदवाराचा माणूस बाईकवर आला, डिकीत फॉर्मांचा गठ्ठा, झेरॉक्स पण तोच काढून आणणार, शिक्का पण तोच मारून घेणार, तुम्ही नुसती सही करा सर. जाताना कॅलेंडर देऊन गेला. म्हणजे मतदार कोण हे उमेदवारच गोळा करतो आणि मग तेच मतदार त्याला निवडून देतात! त्यातल्या त्यात एक बरं वाटतं, मतपत्रिकेवर पसंतीचा आकडा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत लिहिलेला चालतो, तेव्हा मी जांभळ्या स्केचपेननं देवनागरी १ काढून येतो. बेळगाव जिल्ह्यात सरकारनं दिलेल्या कागदावर मराठी चालायची ती एवढीच जागा राहिली असेल.

बरं, एवढं करून सभागृह करतं काय? विधानसभेनं पाठवलेलं बिल पहिल्यांदा तीन महिने आणि दुसऱ्यांदा एक महिना अडवता येतं, पैशाचं बिल असेल तर चौदा दिवस. आणि तेवढीही अडचण नको असेल तर सरकारला पळवाट आहे. डिसेंबर २०२१ मध्ये इथंच सुवर्णसौधमध्ये धर्मांतरविरोधी बिल विधानसभेत पास झालं, परिषदेत तेव्हा सरकारकडं बहुमत नव्हतं तर ते मांडलंच नाही, मे २०२२ मध्ये वटहुकूम काढला आणि संख्या जमल्यावर सप्टेंबरमध्ये परिषदेत पास करून घेतलं. कायदा चांगला की वाईट ते सोडा, सभागृहाला विचारायचं तेव्हाच जेव्हा ते हो म्हणणार, असं असेल तर विचारायचं कशाला?

वरिष्ठ सभागृह म्हणे विचार करून, शांतपणे बोलण्यासाठी असतं. १५ डिसेंबर २०२० ला उपसभापतींना खुर्चीवरनं ओढून खाली काढलं ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. डिसेंबर २०२४ मध्ये इथं बेळगावातच सभागृहात एका महिला मंत्र्यांना अपशब्द वापरल्याचा आरोप एका सदस्यावर झाला, त्यांनी तो नाकारला, आणि पोलिसांनी त्यांना त्याच संध्याकाळी अटक केली. तेव्हा कोंडसकोप्पच्या आंदोलनाच्या मंडपांत आपापल्या मागण्यांचे बोर्ड घेऊन लोक बसलेले असतात हो, थंडीत, गोणपाट अंथरून. त्यांच्यातल्या किती जणांचा विषय त्या आठवड्यात सभागृहात निघतो, एकदा कामकाजाच्या नोंदी काढून बघा.

यावर आमच्या कट्ट्यावरचं ठरलेलं उत्तर असतं, बंद करा सगळं. मला ते पटत नाही. बंद करायचं तर विधानसभेत दोन तृतीयांशनं ठराव आणि मग संसदेचा कायदा, १६९ वं कलम. तमिळनाडूनं १९८६ ला बंद केली. आंध्रनं १९८५ ला बंद केली, २००७ ला परत आणली, जानेवारी २०२० मध्ये परत बंद करायचा ठराव केला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तो मागं घेतला. वरच्या सभागृहात आपलं बहुमत नसलं की बंद करा आणि आलं की असू दे, एवढंच तत्त्व. आणि महाराष्ट्राकडं बघून आम्ही नाक वर करावं असंही काही नाही, तिथं नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारनं पाठवलेली बारा नावांची यादी राज्यपालांनी तशीच ठेवली, सरकार पडेपर्यंत ती हलली नाही. शिफारस करणारे पण राजकारणी, अडवणारे पण राजकारणीच.

सुधारणा सुचवली की दुसरी ढाल पुढं येते, "घटनेत बदल लागतो, आमच्या हातात नाही." इथं मला कॅनडाचं सांगायचंय. त्यांच्या सिनेटमध्ये १०५ जागा, सगळ्याच्या सगळ्या नेमणुकीच्या, आणि तिथंही पक्षाच्या माणसांची सोय म्हणून सिनेट बदनाम होती. सरकारनं मुदत ठरवायची आणि निवडणुका घ्यायची भाषा केली, २०१४ मध्ये तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणालं की त्यासाठी दहापैकी सात प्रांत आणि निम्म्या लोकसंख्येची संमती लागेल, आणि बंदच करायचं तर सगळ्या प्रांतांची. म्हणजे रस्ता बंद. मग २०१६ मध्ये त्यांनी काय केलं, तर घटनेला हात न लावता फक्त नाव ठरवायची पद्धत बदलली. एक स्वतंत्र मंडळ, कुठल्याही पात्र नागरिकाला स्वतः अर्ज करायची मुभा, मंडळ नावं सुचवणार आणि पंतप्रधान त्यातनं निवडणार. त्यानं सिनेट एकदम साधुसंतांची झाली असं नाही, तिथंही टीका चालू आहे. पण सामान्य नर्स नाहीतर शिक्षक अर्ज करू शकते, हे तरी आलं.

आपल्याकडं पण नेमकं हेच आहे. १७१ व्या कलमात कुणाला नेमायचं ते लिहिलंय, नाव कसं शोधायचं ते लिहिलेलं नाही. ती मोकळी जागा आज मुख्यमंत्र्यांच्या चिठ्ठीनं भरली जाते, उद्या मंत्रिमंडळाच्या एका आदेशानं चांगल्या पद्धतीनं भरता येईल. संसद नको, दोन तृतीयांश नको, काही नको.

म्हणून मागण्या. आधी ज्या तुम्ही आणि राज्य सरकार मिळून याच वर्षी करू शकता त्या.

राज्यपालनियुक्त जागा रिकामी होणार असेल तर तीन महिने आधी ती जाहीर करा, कुठल्या क्षेत्रासाठी आहे ते सांगा आणि लोकांकडनं अर्ज व नावं मागवा, कन्नड, मराठी, उर्दू, कोकणी, तुळू, ज्याला ज्या भाषेत जमेल त्या भाषेत. शिफारस करताना प्रत्येक नावासमोर एक पान कारण लिहा, या माणसानं या क्षेत्रात काय केलं, आणि ते पान राजपत्रात नावाबरोबर छापा. मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची मागणी ही. एक पान. ज्याच्याबद्दल एक पान लिहिता येत नाही त्याला नेमू नका.

लगेच आधीच्या विधानसभा किंवा लोकसभा निवडणुकीत पडलेल्याला आणि पक्षात पदावर असलेल्याला ह्या अकरात घेऊ नका. त्यांच्यासाठी आमदारांनी निवडायच्या २५ जागा आहेत, तिथं काय ते करा, आमची ना नाही.

अकरापैकी निदान दोन जागा भाषिक अल्पसंख्याक आणि जंगल-डोंगरातल्या समाजांतल्या लोकांना द्यायची प्रथा पाडा. तो माणूस मराठीच पाहिजे असा माझा हट्ट नाही, आणि तो समितीचा पाहिजे असं तर मुळीच नाही. भीमगडच्या जंगलातल्या गावांतनं पावसाळ्यात आजारी माणसाला तिरडीसारखं बांधून खांद्यावरनं आणतात, त्या वाटेवर काम केलेली एखादी आशा कार्यकर्ती आणा, मी स्वतः तिला हार घालायला येईन. तिला कन्नड भाषण जमलं नाही तर २१० व्या कलमानं सभापतींच्या परवानगीनं मातृभाषेत बोलता येतं.

जिल्हा आणि तालुका पंचायतींच्या निवडणुका झाल्याशिवाय स्थानिक संस्था मतदारसंघाची पुढची निवडणूक होऊ नये असा ठराव सभागृहात करा. त्यानं कुणावर सक्ती होणार नाही हे मला कळतं, पण पंचवीस जण त्या संस्थांच्या नावावर बसलेत, त्यांनी निदान तोंड तरी उघडावं.

दिल्लीच्या हातातलं म्हणजे प्राथमिक शिक्षकांना मत, आणि पदवीधरांची यादी दर वेळी कोरी करण्याऐवजी कायमची करणं. रचना बदलायचा अधिकार त्याच १७१ व्या कलमानं संसदेला साध्या कायद्यानं दिलाय. तुम्ही ठराव करून पाठवा, पुढचं खासदारांना विचारायचं ते आम्ही विचारतो.

हे सगळं करणं अवघड का आहे तेही कळतं. ज्यांनी नियम बदलायचा त्यांचीच उद्या पडल्यावरची सोय त्यात आहे, तेव्हा मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? म्हणूनच हे पत्र एकट्या मुख्यमंत्र्यांना न लिहिता पंचाहत्तर जणांना लिहिलंय. तुमच्यात थोडेजण तरी असे असतील ज्यांना आपल्या नावासमोरचं ते एक पान छापून आलेलं आवडेल. त्यांनी पुढच्या अधिवेशनात खाजगी ठराव आणावा. पास होवो न होवो, कोण बाजूनं आणि कोण विरोधात हे नोंदीत राहील, आणि फॉर्म १८ घेऊन बाईकवर पुढच्या वेळी माणूस येईल तेव्हा आम्हाला ते वाचून दाखवता येईल.

उत्तर कन्नडमध्ये पाठवलंत तरी चालेल, मला वाचता येतं. फक्त लेखी पाठवा.

आपला नम्र,
खानापूर तालुक्यातला एक निवृत्त शिक्षक, पदवीधर मतदार